भाड्याच्या सभा आणि मळवाडीची नाव

संपादक महाशय घरी आले, चहा प्याले आणि उठता उठता म्हणाले, तुम्ही लोकशाही अगदी जवळून पाहिलीय, दिवाळी अंकासाठी तेवढं लिहून काढा. जवळून पाहिली हे खरंच आहे. तिच्या डोक्यावरची गॅसबत्ती मी टांगत होतो, तिच्या बुडाखालची खुर्ची माझी होती आणि तिच्यासाठी पहिली टाळी वाजवणारी दोन माणसंही माझीच होती. स्वातंत्र्याच्या आधीच्या त्या वर्षांत निपाणीत कुणाला सभा घ्यायची झाली की तो आधी माझ्या दुकानात यायचा आणि मग स्वतःच्या विचारांकडं वळायचा. काहींना विचारांकडं वळायला पुढं सवडच मिळाली नाही.

मला गावात सगळे बत्तीवाले म्हणत. लग्नाचे मंडप, गॅसबत्त्या, खुर्च्या, सतरंज्या भाड्यानं द्यायचा आमचा धंदा. लग्नसराई संपली की सगळं सामान पडून राहायचं आणि उंदीर सतरंज्या कुरतडायचे. अशात सरकारनं नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्ड यांच्या निवडणुका सुरू केल्या, आणि माझ्या ध्यानात आलं की लग्नाला आणि निवडणुकीला सामान एकच लागतं. घामाघूम झालेला नवरदेव दोन्हीकडं असतो आणि जेवणावर डोळा ठेवून बसलेलं वऱ्हाडही असतं. फक्त लग्नात नवरदेवाला भाषण करू देत नाहीत, त्यामुळं कार्य वेळेत उरकतं.

सामानाबरोबर लोक सल्ला मागू लागले. सल्ला फुकट दिला तर कुणी ऐकत नाही, म्हणून त्याचंही भाडं लावलं. बाहेरच्या वाचकांना या धंद्यातलं काही ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो.

पहिली गोष्ट, सभा कधीही मोठ्या मैदानात घेऊ नये. मैदानात पाचशे माणूस उभं केलं तरी ते चुकून राहिल्यासारखं दिसतं. बोळाच्या तोंडाशी, चावडीच्या अंगणात, जिथं शंभर माणसांतच एकमेकांचे कोपर बरगडीत रुततात, तिथं सभा घ्यावी. दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी पसरते, पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. दुसरी गोष्ट म्हणजे बत्ती. खेड्यातली माणसं पुढारी बघायला येत नव्हती, बत्ती बघायला येत होती. मी ती सावकाश पेटवायचो. आधी पंप मारायचा, मग भक्कन भडका, मग पांढराशुभ्र उजेड. त्या उजेडाला जो हुंकार उठायचा, तो पुढाऱ्याला आपल्यासाठीच उठला असं वाटायचं आणि तो खुशीत बोलायला उभा राहायचा. मी कधी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

तिसरी गोष्ट मान डोलवणाऱ्यांची. पहिल्या रांगेत कधीच बसवू नयेत, तिथं ते ओळखू येतात. तिसऱ्या रांगेत एक म्हातारा बसवावा, पटका बांधलेला, आणि योग्य जागी त्यानं फक्त "व्हय, खरं हाय" म्हणावं. बाकीच्यांच्या माना आपोआप हलतात. आणि हस्तपत्रकं छापायची तर जाड कागदावर. पातळ कागदाची लोक तंबाखूची पुडी बांधतात. जाड कागद सुनेच्या ट्रंकेत तळाला अंथरला जातो आणि पुढची वीस वर्षं उमेदवाराचं नाव घरात राहतं. उमेदवार तोवर वारलेला असतो, तो भाग वेगळा.

या धंद्यात खोटं बोलावं लागतं असं लोकांना वाटतं. साफ चूक. खोटं उघडं पडतं. खरंच बोलायचं, फक्त अर्धं बोलायचं. याचा धडा मी ज्यांच्यासाठी पहिल्यांदा गिरवला ते आमचे रावसाहेब. तंबाखूच्या वखारी, दारात मोटार, आणि सरकारनं खूश होऊन दिलेली पदवी. लोकल बोर्डावर जायचं त्यांनी मनात घेतलं, तेव्हा समोर उभे राहिले बेळगावचे एक वकीलसाहेब. अंगात खादी, आणि कायदेभंगात हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आलेले. त्या दिवसांत हिंडलग्याला जाऊन आलेला माणूस काशीला जाऊन आल्यासारखा मिरवायचा. लोक पाया पडायचे. रावसाहेबांच्या पोटात दुखू लागलं.

एके दिवशी मला बोलावून दबक्या आवाजात विचारतात, "बत्तीवाले, आपल्याला असं थोडक्यात तुरुंगात जाऊन येता येईल का? दोन-चार दिवसांत उरकेल असं?"

मी चौकशी केली. तुरुंगाला जळाऊ लाकूड पुरवण्याचा ठेका पूर्वी रावसाहेबांच्या चुलत्यांकडं होता आणि हिशेबासाठी रावसाहेब एकदा जेलरच्या कचेरीत बसून आले होते. मी त्यांना वाक्य लिहून दिलं, "हिंडलग्याच्या भिंती मीही आतून पाहिल्या आहेत." एवढं म्हणायचं आणि खाली मान घालून थोडं थांबायचं. रावसाहेब इतके छान थांबले की पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. एक अक्षर खोटं नव्हतं.

वकीलसाहेबांचं उलट. माणूस सरळ, शिकलेला, पण सभेत उभा राहिला की विलायतेच्या पार्लमेंटापासून सुरुवात करायचा. बोटीनं परत हिंदुस्थानात येईपर्यंत निम्मी माणसं जनावरांना वैरण घालायला गेलेली असायची. शिवाय अर्धं भाषण मराठीत आणि तेवढंच पुन्हा कानडीत करायचे, कुणावर अन्याय नको म्हणून. आमच्या भागात दोन्ही भाषा सगळ्यांना कळतात, त्यामुळं लोकांना तेच भाषण दोनदा ऐकायची शिक्षा व्हायची. मी रावसाहेबांना सांगितलं होतं, चेष्टा कानडीत करा, आश्वासन मराठीत द्या, आणि एकच गोष्ट दोनदा बोलू नका, दुसऱ्यांदा लोक विचार करतात.

आता मळवाडीकडं येतो. गावाचं हे नाव खरं नाही. गाव वेदगंगेच्या पलीकडच्या काठावर, निपाणीपासून जवळ, पण पावसाळ्याचे चार महिने विलायतेइतकं लांब. नदी फुगली की जायला यायला साधन एकच, गूळ करायची काहील. उसाचा रस आटवायची ती मोठी पसरट लोखंडी कढई पाण्यात सोडायची, दोघांनी आत बसायचं आणि दोघांनी पोहत ढकलायची. धारेला लागली की ती गरागरा फिरते. धट्टाकट्टा माणूसही पलीकडं उतरल्यावर आधी ओकतो.

त्या वेळी मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा भरणाऱ्यांनाच होतं. आमच्या मोजदादीप्रमाणं नदीच्या अलीकडची गावं निम्मी रावसाहेबांची, निम्मी वकिलांची, आणि तागडी कुठं झुकणार ते मळवाडीच्या हातात. मळवाडी बायनाक्काच्या हातात. नवरा गेल्यावर जमीन तिच्या नावावर झाली होती, म्हणून बाई असून तिला मत होतं. गावातल्या बापय मंडळींना हे रुचत नव्हतं, पण कुठलीही गोष्ट ठरवायची झाली की आधी तिच्या ओट्यावर जाऊन बसायची त्यांची खोडही सुटत नव्हती.

बायनाक्काला दोन लेकी. थोरली पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती ती आदल्या पावसाळ्यात. आडवं आलं. सुईणीनं हात टेकले, निपाणीच्या दवाखान्यात न्या म्हणाली. नदी भरून चाललेली. कळा देणारी बाई काहिलीत बसू शकत नाही आणि काहिलीत आडवं निजता येत नाही. बाजेवर घालून तिला काठापर्यंत आणली, पाणी उतरायची वाट बघत ठेवली, आणि ती काठावरच गेली. हे मला बायनाक्कानं सांगितलं ते जोंधळे पाखडता पाखडता, आवाज न चढवता. आता धाकटी, गौरा, दिवसात होती. आषाढात बाळंत होणार होती.

"माझं काय पार्लमेंट-बिर्लमेंट न्हाय," ती म्हणाली. "मिरगाच्या आत नदीवर नाव पायजे. नाव कोण देतंय त्येवढं सांगा."

मी तिला सांगितलं, रावसाहेब देणार. वकीलसाहेबांच्या माणसानंही आदल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. निवडणुकीत नाव, विहीर आणि रस्ता या तीन गोष्टी सगळेच देतात. त्यामुळं आमच्या धंद्यात शेवटचं हत्यार वेगळं ठेवलेलं असायचं, ते म्हणजे बेलभंडारा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवापुढं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा, म्हणजे हळद, तळहातावर घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. कोर्टात गीतेवर हात ठेवून बिनधास्त काहीही बोलणारा माणूस भंडारा हातात घेतला की खरं बोलतो. म्हणून मतदानाच्या आदल्या आठवड्यात आम्ही प्रत्येक गावच्या मंडळींना देवळात न्यायचो, भंडारा उचलायला लावायचो आणि निर्धास्त झोपायचो. हिंदुस्थान सरकारनं मतपेटीला लावलेल्या कुलपापेक्षा हे कुलूप पक्कं. याला काही लोक लोकांच्या भाबडेपणाचा फायदा घेणं म्हणतात. म्हणोत, त्यांनी निवडणुका हरलेल्या असतात.

मळवाडीत बिरोबाचं देऊळ आहे. मी बत्ती टांगली, सतरंजी अंथरली, रावसाहेबांना मधोमध उभं केलं. ते बोलले उत्तम. नावेचं वर्णन तर असं केलं की मलाच ती काठाला बांधलेली दिसू लागली. मग मी ताटलीत बेल आणि भंडारा घेऊन पुढं झालो आणि नेहमीच्या चालीवर म्हणालो, चला, मंडळींनी आता देवासमोर शब्द द्यावा.

मंडळी उठली नाहीत. बायनाक्का उठली.

"देतो की," ती म्हणाली. "आमी भंडारा उचलतो, मत तुमालाच. पण त्येच्या आदी रावसायबांनी उचलावा. मिरगाच्या आत नाव पान्यात, असं म्हनावं आन् उचलावा."

माझ्या सगळ्या कारकिर्दीत असं कुणी केलं नव्हतं. शपथ मतदारानं घ्यायची असते, उमेदवारानं भाषण करायचं असतं, ही वाटणी सगळीकडं मान्य होती. मी रावसाहेबांकडं बघितलं. दहा मिनिटांपूर्वी ज्यांनी नदीवर नाव, गावाला विहीर आणि निपाणीपर्यंत खडीचा रस्ता बोलता बोलता देऊन टाकला होता, ते एक पाऊल मागं सरले. चेहरा पिठासारखा. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस देवाला भितो. आजवर एवढं बोलला, पण भंडाऱ्याला हात लागला की ते खरं करावं लागतं हे त्याला गावकऱ्यांइतकंच पक्कं ठाऊक होतं.

"मला सोयर आहे," रावसाहेब पुटपुटले. "देवाला शिवता येत नाही."

त्यांच्या भाऊबंदांत नेमकं कोण बाळंत झालं होतं ते मला आजतागायत समजलेलं नाही.

देवळात शांतता पसरली. सभेत शांतता पसरणं म्हणजे माझ्या दृष्टीनं दुकानाला आग लागणं. तिसऱ्या रांगेतल्या माझ्या म्हाताऱ्यानंसुद्धा तोंड मिटून घेतलं. बायनाक्का माझ्याकडं वळली आणि म्हणाली, बत्तीवाल्यास्नी तर सोयर न्हाय, त्येंनी उचलावा रावसायबांच्या वतीनं. रावसाहेबांनी इतक्या जोरात मान डोलावून होकार दिला की टोपी सरकली.

आणि मी उचलला. का उचलला असं बायकोनं पुढं मला पुष्कळदा विचारलं. खरं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सभा पडत होती आणि पडणारी सभा मला बघवत नाही. बेलाचं पान, चिमूटभर भंडारा, आणि मोठ्यानं म्हणालो, मिरगाच्या आत मळवाडीच्या काठाला नाव लागेल. मग सगळ्या गावानं भंडारा उचलला. मळवाडीचं एकही मत फुटलं नाही आणि रावसाहेब निवडून आले.

मिरवणूक झाली, पेढे झाले, सत्कार सुरू झाले. सत्कारांची सभा म्हणजे तेच सामान, तेच भाडं, माझी काही तक्रार नव्हती. पण चैत्र सरला, वैशाख लागला. मी रावसाहेबांकडं नावेची गोष्ट काढली. ते म्हणाले, नाव? हां, ती नाव. बोर्डाकडं कागद गेलाय. कागद कुठवर गेला ते बघायला मी बेळगाव गाठलं. बोर्डाच्या कचेरीतले कारकून फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की जिथं उतार, म्हणजे नदी ओलांडायची सरकारमान्य जागा, नाही तिथं नाव मंजूर होत नाही, आणि जिथं नाव नाही तिथं उतार आहे असं म्हणता येत नाही. मी त्यांच्यावर माझी सगळी विद्या वापरून पाहिली. हजारांच्या माना डोलवलेला माणूस मी, त्या एका मानेला हलवू शकलो नाही. कागद मात्र तिथं गेलेलाच नव्हता.

परत येऊन रावसाहेबांना सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, अहो बत्तीवाले, निवडणुकीतलं बोलणं एवढं मनावर घेतात काय? मी म्हटलं, माझ्या तळहाताला भंडारा लागलाय. त्यावर त्यांनी अगदी प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तो तुमच्या हाताला लागलाय, माझ्या नाही."

मला संताप आला. माझी झोप उडाली होती. बिरोबाची भीती होती, नाही कशाला म्हणू? पण डोळ्यापुढं जास्त यायची ती गौरा. भंडारा उचलला त्या दिवशी ती देवळाच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. तिनं माझा शब्द खरा धरला होता. इतकी वर्षं मी लोकांनी शब्द खरा धरावा म्हणूनच तर पैसे घेत होतो.

मग मी विचार केला, मला येतं काय? मला नाव बांधता येत नाही, कारकून हलवता येत नाही. मला सभा भरवता येते. तेवढं करू.

मी छापखान्यात गेलो आणि चांगल्या जाड कागदावर पत्रक काढलं. लोकनेते रावसाहेब स्वतःच्या हस्ते मळवाडी ग्रामस्थांना नौका अर्पण करणार. मृगाच्या आदल्या रविवारी. अध्यक्ष प्रांतसाहेब. बेळगावचे फोटोग्राफर हजर राहतील. प्रांतसाहेबांना आमंत्रण पोचवलं, ते खूश झाले, सरकारचा पैसा न जाता होणारं काम कुठल्या सायबाला आवडत नाही? बाजाराच्या दिवशी निपाणीभर दवंडी पिटवली. संध्याकाळपर्यंत रावसाहेबांच्या वखारीत अभिनंदन करणाऱ्यांची रांग लागली. अडत्यांनी हार घातले. तंबाखू निवडणाऱ्या बायकांनी दारातनं ओवाळलं. कुणीतरी त्यांना दानशूर कर्ण म्हणालं.

रावसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि कोंडीत पकडलेल्या माणसासारखे बघत राहिले. ओरडावं तर बाहेर हार घेऊन माणसं उभी. मी फक्त विचारलं, फोटो काढताना कोट काळा घालणार की बदामी? त्यांनी गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाले, बदामी. नाव मी आणतो.

आणि आणली. पत्रकातल्या रविवारी दोन बैलगाड्या एकीला एक बांधून, त्यांच्यावर सागवानी नाव आडवी टाकून, पुढं ताशेवाले लावून ती वेदगंगेच्या काठाला आली. तिला केळीचे खुंट बांधले होते, बाजूला रावसाहेबांचं नाव ताज्या रंगानं लिहिलं होतं. पाणी अजून कमी होतं, पण आभाळ भरून आलं होतं. नाव पलीकडं नेऊन मळवाडीच्या काठाला लावली. तिथल्याच मंडपात भाषणं झाली. मला वाटलं, सुटलो.

भाषणांनंतर प्रांतसाहेब मंडपाच्या टोकाला शिरा खायला बसले. मी खुर्च्या मोजायला काठाकडं आलो, तर दोन अनोळखी माणसं नावेचा दोर सोडत होती. म्हणाली, ठेकेदाराची नाव आहे, कृष्णेवरच्या उतारावरनं आणलीय, एका दिवसाच्या भाड्यानं, आजच परत न्यायचीय.

रावसाहेब माझ्या मागंच उभे होते. शांतपणे म्हणाले, "बत्तीवाले, सभेचं सामान भाड्यानंच आणायचं असतं, तुम्हीच शिकवलंत."

शिष्य चांगला निघाला होता, हे मला मान्य करावंच लागलं.  तेवढ्यात वरून बायका उतरल्या. पुढं बायनाक्का, मागं गौरा, मागं गावातल्या सगळ्या सवाष्णी, हातात ताटं. मला वाटलं ओवाळायला आल्या. ओवाळलं तर खरंच. पण मग एकेकीनं नावेत तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, नाळेला, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, हळदीकुंकू लावलं. त्यांनी नावेची ओटी भरली. आणि मग बायनाक्का गौराचा हात धरून नावेत चढली आणि मधल्या फळीवर मांडी घालून बसली.

ठेकेदाराची माणसं म्हणाली, आक्का उतरा, नाव न्यायचीय.

"नेतासा कशी?" बायनाक्का म्हणाली. "वटी भरली की सून झाली. उंबऱ्यातनं आत आलेली सून माघारी धाडत न्हाईत आमच्यात."

तिच्या शेजारी आणखी चार बायका चढून बसल्या. ती माणसं आमच्याच मुलखातली. कुंकू लावलेल्या, ओटी भरलेल्या नावेला हात लावायचं त्यांच्यानं होईना. दोर तसाच हातात धरून उभी राहिली. रावसाहेब माझ्या कानाशी आले. म्हणाले, सायेब शिरा संपवून उठायच्या आत बायकांना खाली उतरवा, काय वाट्टेल ते बोला, तुमचा धंदाच आहे तो.

माझ्याजवळ पत्र्याचा कर्णा होता. सभेत वापरायचा, तोंडाला लावला की आवाज नदीपार जायचा. मी तो उचलला, मंडपाकडं तोंड केलं आणि जन्मात बोललो नव्हतो इतक्या स्पष्ट आवाजात ओरडलो, मळवाडीच्या माता-भगिनींनी रावसाहेबांच्या नौकेची ओटी भरून तिला गावात घेतलेली आहे, तरी मेहेरबान प्रांतसाहेबांनी चार अक्षता टाकण्यासाठी नदीवर यावं. फोटोग्राफरांनीही यावं.

सायेब आले. शिऱ्याचा हात पुसत आले, अक्षता टाकल्या, रावसाहेबांचा हात हातात घेऊन भलेपणाचं काहीतरी इंग्रजीत बोलले. फोटो निघाला. त्यात रावसाहेब हसताहेत असं लोक म्हणतात. मी शेजारी उभा होतो, ते हसणं नव्हतं. नंतर ठेकेदारानं त्यांच्याकडनं नावेची किंमत कशी काढली ते त्या दोघांना ठाऊक. पुढच्या निवडणुकीला रावसाहेबांनी तोच फोटो छापला, कागद जाड वापरला, आणि न बोलता निवडून आले. गावातल्यांना सगळं माहीत होतं. पण नाव काठाला होती, आणि वकीलसाहेब भाषणात अजून पार्लमेंटातच होते.

राहिलं एवढंच. आषाढात मी बिरोबाला नारळ फोडून शपथेतनं मोकळा व्हायला मळवाडीला गेलो होतो. दुपारी परत निघालो तर पायवाटेनं बाज उचलून माणसं पळत येत होती. बाजेवर गौरा. तिच्या तोंडातनं नुसतं कण्हणं येत होतं. नदी तांबडीलाल, काठोकाठ, मोठमोठी झाडं वाहून चाललेली. बाज नावेत आडवी ठेवली. बायनाक्का उशाशी बसली आणि तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. नावाडी यल्लप्पा उभा राहून वल्हं मारू लागला. मी पायथ्याशी बसलो.

मधल्या धारेला नाव लागली आणि तिरकी झाली. गौरा किंचाळली. मला राहवेना. मी बोलायला लागलो. घाबरू नकोस पोरी, नाव सागवानी आहे, आत्ता पोचतोय बघ, दवाखान्यात डॉक्टर थांबलेत, काही होत नाही. एकातनं एक वाक्यं निघत होती, तोंडाला सवयच ती. डॉक्टर थांबलेत की नाहीत हे मला कुठं माहीत होतं?

बायनाक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. लेकीच्या कपाळावरचं पाणी पुसत हळूच म्हणाली, "बत्तीवाले, जरा गप बसा. यल्लप्पाला पान्याचा आवाज ऐकू दे."

मी गप बसलो. पाणी नावेवर आपटत होतं, यल्लप्पा मान कलती करून ते ऐकत होता आणि तसतसं वल्हं फिरवत होता. बायनाक्काचा हात लेकीच्या कपाळावर तसाच होता. निपाणीच्या काठाला नाव टेकली आणि माणसांनी बाज खांद्यावर घेतली, तेव्हा गौरा जिवंत होती. आणि मी त्यानंतर एक शब्दही बोललो नव्हतो.